रिफ्लेक्टर कोणाच्या हातात होता

नाव वरच्या रकान्यात लिहून दिले आहे. वय ४२ वर्षे. धंदा छायाचित्रण. राहणार तळ्याच्या अलीकडच्या वस्तीत, दुमजली घराचा खालचा भाग. घरात पती, सासरे, एक नणंद व मी.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी अठरा वर्षे एका स्टुडिओत कामाला होते. मागच्या वर्षी तो बंद झाला. तेव्हापासून मी लोकांचे फोटो बाहेर, मोकळ्या जागेत काढते. माझ्याकडे कॅमेरा आहे, दिवे नाहीत. त्यामुळे सूर्य माणसाच्या पाठीमागे ठेवून त्याच्या तोंडावर उजेड परत फेकावा लागतो. त्यासाठी जे वापरतात त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. काल घटनास्थळाची नोंद करताना "सायकलचा रिफ्लेक्टर, एक" असे लिहिले गेले आहे. सायकलच्या मागे लाल असतो तो हा नव्हे. हा कापडाचा, ताणलेल्या गोल चकतीसारखा असतो.

माझ्याकडे असा रिफ्लेक्टर नव्हता. पुढच्या आठवड्यात एका शाळेतील सर्व शिक्षकांचे फोटो काढण्याचे काम मला मिळाले आहे. ते नीट झाले तर दरवर्षी मिळेल, असे मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आहेत. म्हणून परवडेल असा एक रिफ्लेक्टर घ्यायचे ठरले. कॅमेऱ्याच्या सामानाचे एक दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी एक मधला व एक मोठा असे दोन मला वापरून बघायला दिले. "मळवू नका, म्हणजे झालं," एवढेच ते म्हणाले. शिवाय मी घरून थर्माकोलचा एक मोठा तुकडा आणि गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा घेतला होता. कमी खर्चात भागले तर बघावे, हा हेतू होता. इतक्या चकाकत्या वस्तू जवळ का होत्या, असे मला काल तीन वेळा विचारण्यात आले. कारण एवढेच आहे.

काल दुपारी साडेचारच्या सुमारास मी, माझे सासरे व माझी नणंद तळ्याकाठी गेलो. सासरे पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत. फोटोसाठी ते बसतात, कारण त्यांना स्वस्थ बसण्याची सवय आहे. नणंद माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असून घरात तिला बेबी म्हणतात. ती आठ महिन्यांपासून आमच्याकडे राहते. का राहते त्याचा या घटनेशी संबंध नाही. ती फारशी घराबाहेर पडत नाही. काल मीच आग्रह करून तिला नेले.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, झाडाखाली खुर्चीवर बसवले. सूर्य त्यांच्या पाठीशी होता. त्यांच्या मागे साधारण तीस पावलांवर तळ्याच्या बांधावरचा रस्ता आहे. रस्त्याच्या पलीकडे आठेक फूट उतार असून खाली दगड आहेत.

प्रथम थर्माकोल लावून पाहिला. त्याचा उजेड सर्वांत मऊ पडला, पण वाऱ्याने त्याचा कोपरा मोडला आणि तो घेऊन बसमध्ये चढता येणार नाही हेही लक्षात आले. गाडीच्या पडद्याला घड्या असल्याने बाबांच्या कपाळावर उजेडाचे पट्टे पडले. बाबा म्हणाले, "मला तुरुंगात बसवल्यासारखं वाटतंय." यावर बेबी हसली. मोठा रिफ्लेक्टर माणसाला कमरेपर्यंत पुरतो, पण वारा आला की शिडासारखा फुगतो व दोन माणसांना ऐकत नाही. मग मधला घेतला. त्याला वरून चढवायची खोळ असते. ती उलटसुलट केली की चंदेरी, सोनेरी, पांढरी अशा बाजू मिळतात. सोनेरी बाजूने बाबांना कावीळ झाल्यासारखे दिसले. पांढरी चांगली, पण ती चेहऱ्यापासून दोन हातांवर धरावी लागते. शेवटी चंदेरी बाजू लावून लांबून पाहायचे ठरले. हे मी ठरवले. बेबी म्हणाली होती, "वहिनी, ही डोळ्यांत फार जाते गं." मी म्हणाले, "दोनच फोटो काढते."

काल घटनास्थळी व त्यानंतर ठाण्यातही, रिफ्लेक्टर माझ्या हातात होता असे मी सांगितले. ते खरे नाही. आज अंमलदारसाहेबांनी कॅमेऱ्यातील फोटो पाहून, "रिफ्लेक्टर तुमच्या हातात, तर मग फोटो कोणी काढला?" असे विचारले. म्हणून आता खरे ते सांगते. रिफ्लेक्टर बेबीच्या हातात होता. तो कसा व कुठे धरायचा हे मी सांगत होते. खोटे सांगण्याचे कारण विचारले असता सांगते की, ती माझी नणंद आहे.

शेवटच्या फोटोवर पाच वाजून तेरा मिनिटे ही वेळ आहे. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. बेबीच्या हातातील रिफ्लेक्टर वर फिरला व उजेडाचा तुकडा बाबांच्या डोक्यावरून रस्त्यापलीकडच्या झाडांवर गेला. मी कॅमेऱ्याला डोळा लावून होते. बाबांच्या मागे लोखंडी वस्तू सांडल्याचा मोठा आवाज आला. तो आवाज उजेडाच्या आधी की नंतर, हे मला काल सांगता आले नाही, आजही येत नाही. बाबा म्हणाले, "कोणीतरी पडलं." पाठोपाठ खालून हाक आली, "अहो! अहो, कोण आहे?"

बेबी रिफ्लेक्टर टाकून धावली. ती माझ्या आधी पोचली. खाली एक साठीचे गृहस्थ पडले होते. ते घरोघरी जाऊन शेगड्या दुरुस्त करतात, हे नंतर कळले. त्यांची सायकल, हत्यारांची पिशवी व बर्नर दगडांत विखुरले होते. डोक्यातून रक्त येत होते. बेबी उतारावरून बसत घसरत खाली गेली आणि तिने ओढणीने त्यांचे डोके दाबून धरले. मी रुग्णवाहिकेला फोन केला. तोवर ते बोलायचे थांबले होते.

रोज बांधावर फिरायला येणारे एक गृहस्थ तेथे आले. ते सर्वांसमक्ष मोठ्याने म्हणाले, "मी बघितलंय. यांनी त्याच्या डोळ्यांवर उजेड मारला. असले खेळ करायला रस्ताच सापडला का तुम्हाला?" मी म्हणाले, रिफ्लेक्टर माझ्या हातात होता. बेबीने माझ्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं." एवढेच म्हणाली. रुग्णवाहिका येईपर्यंत तिचे दोन्ही हात त्यांच्या डोक्यावरच होते. ते बाजूला करताना परिचारिकेला तिची बोटे सोडवावी लागली.

रुग्णालयात डॉक्टरांनी, चोवीस तास काही सांगता येत नाही, असे सांगितले. आज सकाळी बेबी माझ्या आधी तयार होऊन दारात उभी होती. आपल्याला काय सांगायचे आहे ते तिने वहीच्या कागदावर लिहून आणले होते. तो कागद मी वाचला. तो या जबाबासोबत जोडू नये अशी माझी विनंती आहे व ती मान्य झाली आहे.

मधल्या काळात जप्त केलेला मोठा रिफ्लेक्टर कपाटात ठेवण्यासाठी त्याची घडी घालण्याचा प्रयत्न ठाण्यातील दोघांनी केला. तो उघडून पाण्याचा तांब्या टेबलावर सांडला. त्याची घडी पिळा देऊन घालावी लागते. ती मी घालून दिली.

येथपर्यंत जबाब सांगून झाला असता, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णालयातून फोन आला. अंमलदारसाहेब उभे राहून बोलत होते. ते "हं, हं" म्हणत होते आणि कागदावर काहीतरी लिहीत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकदा त्यांनी विचारले, "स्वतः म्हणाला? शुद्धीत?" मग फोन खाली न ठेवता त्यांनी मला हाताने खाली बसण्याची खूण केली. मी केव्हा उभी राहिले हे मला माहीत नाही.

फोन ठेवून त्यांनी मला सांगितले ते असे. सदर गृहस्थ सकाळी पूर्ण शुद्धीवर आले आहेत. त्यांनी नाव, गाव, आजचा वार बरोबर सांगितला आणि पहिली चौकशी आपल्या हत्यारांच्या पिशवीची केली. पडण्याचे कारण विचारता ते म्हणाले, "पँटचा पाय चेनमध्ये अडकला हो. बायको रोज सांगते, पाय खोचून घे म्हणून. तिला सांगू नका." उजेड डोळ्यांवर आला का, असे मुद्दाम विचारले. त्यावर ते म्हणाले, "उजेड दिसला ना. पण पडल्यावर दिसला. उताणा पडलो होतो, वर पानांवर काहीतरी लखलखत हललं. म्हटलं, वर माणसं आहेत. म्हणून तर हाक मारली. नाहीतर त्या खड्ड्यात मला कोण बघणार होतं?"

अंमलदारसाहेब मला घेऊन ठाण्याच्या मागच्या आवारात गेले. तेथे ती सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी खाली वाकून पाहिले. चेन व दातेरी चाकाच्या मध्ये राखाडी रंगाचे वीतभर फाटके कापड अडकलेले होते. काल ते कोणी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "काल आम्ही सगळे तुमच्या चकत्याच बघत बसलो." नंतर ते म्हणाले, "जा, आधी बाहेर सांगून या. बाकीचं मग लिहू."

बेबी बाहेरच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसली होती. मी तिला सर्व सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितले. पानांवरचा उजेड आणि हाक हा भाग तिने तिसऱ्यांदा सांगायला लावला. बाबांनी चष्मा काढून तो बराच वेळ पुसला. मी आत परत आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती असे नोंदीत आहे. मधली वीस मिनिटे आम्ही काय करत होतो, ते विचारू नये.

विचारल्यावरून सांगते की, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बांधावरच्या गृहस्थांनी जे पाहिले ते सांगितले, त्यांच्यावरही राग नाही. जप्त वस्तू परत देण्यास हरकत नसल्याचे सांगण्यात आले. मोठा रिफ्लेक्टर दुकानदारांना परत करणार आहे. तो थोडा मळला आहे, त्याचे मी त्यांच्याशी बोलेन. मधला घेणार आहे. तो मोठ्याच्या निम्म्या किमतीत येतो. पांढरी बाजू वापरीन, व जेथे मागे रस्ता असेल तेथे माणसाला बसवणार नाही. हे मी अंमलदारसाहेबांनी सांगण्यापूर्वीच ठरवले होते. शाळेत तो कोण धरणार हे ठरायचे होते. मी बेबीला काही विचारले नव्हते. बाकावर ती आपणहून म्हणाली, "वहिनी, तुझ्याने दोन्ही होणार नाही. मी येईन. पण तू मला ओरडून सांगत जाऊ नकोस, डावीकडे, उजवीकडे. मला कळतं." मी बरे म्हणाले.

येथून आम्ही तिघे रुग्णालयात जाणार आहोत. हत्यारांची पिशवी आमच्यासोबत देण्यास अंमलदारसाहेबांनी संमती दिली असून त्यातील वस्तूंची यादी वेगळी केली आहे. त्या गृहस्थांच्या पत्नी तेथे असतील. पँटच्या पायाबद्दल आम्ही त्यांना काही सांगणार नाही.

बेबी आत्ता दारात येऊन, अजून किती वेळ लागेल, असे विचारून गेली. तिला भूक लागली आहे. तिने काल दुपारपासून काही खाल्लेले नाही, तरी मला लवकर मोकळे करावे.

हा सर्व मजकूर अंमलदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखविला. दोन ठिकाणी "आरसा" असे लिहिले होते, ते खोडून "रिफ्लेक्टर" केले आहे. रिफ्लेक्टर कोणाच्या हातात होता याबद्दलचे काल सांगितलेले चूक आहे, आज सांगितलेले बरोबर आहे. बाकी सारे माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे व खरे आहे, म्हणून खाली सही करते.