आईंचा झोका आणि नखाएवढी चिप

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला कळायचं नाही ते." आता तुम्हीच सांगा, पाळण्याच्या दोरीत न कळण्यासारखं काय असतं हो? ओढायची, सोडायची, संपलं. पण आमच्या ह्यांना सरळ काही चालतच नाही, इंजिनीअर ना...

तर झालं काय, आमचं बाळ झोपतं ते फक्त सासूबाईंच्या झोक्यावर. मी दिला तर रडतं, ह्यांनी दिला तर दोघंही रडतात. आणि आई रविवारी निघणार नणंदेकडे, तिचे दिवस भरत आलेत, म्हणजे परत कधी येतील कोण जाणे. मी म्हटलं, आता कसं व्हायचं? तर हे म्हणाले, "घाबरू नकोस, आईचा झोका मी साठवून ठेवतो." साठवून? पाणी आहे का ते, पिंपात भरून ठेवायला?

पाळण्याला मोटर लावली, मोटरला नखाएवढी चिप, आणि म्हणाले, "आई, तू नेहमीसारखे झोके दे, चिप शिकेल." आई बिचाऱ्या दुपारभर बाळाऐवजी उशीला झोके देत बसल्या. शिकली हो चिप. आणि लाईट गेली. परत आली तर चिप कोरी करकरीत, जसं काही घडलंच नाही. हे म्हणाले, "फ्लॅश मेमरीत ठेवायला हवं, तिथलं लाईट गेली तरी राहतं. फक्त तिथे एक आकडा बदलायचा तरी अख्खं पान कोरं करावं लागतं. आधी पुसायचं, मग लिहायचं."

झालं. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच... आधी पुसायचं, मग लिहायचं.

आई परत बसल्या उशीला झोके देत. ह्यांनी पान पुसलं, आणि तुम्हाला सांगते, लिहायच्या आत लाईट गेली. आली तेव्हा पान कोरं. आता कोरं म्हणजे शून्य असं तुम्हाआम्हाला वाटतं, पण त्या चिपला कोरं म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे सगळ्यात जोराचा झोका! पाळणा असा सुटला म्हणता, उशी उडाली ती थेट ह्यांच्या तोंडावर. आई दारातूनच म्हणतात, "अरे, बाळाला झोपवायचंय की शेजारी पोचवायचंय? आणि नवं हाती यायच्या आत जुनं टाकतं का रे कोणी?"

तेवढ्यावर ह्यांची ट्यूब पेटली. दोन पानं केली. नवं दुसऱ्या पानावर नीट उतरलं की मगच पहिलं पुसायचं, मग लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे. आई तिसऱ्यांदा बसल्या उशीला झोके देत.

शनिवारी बाळाला आत ठेवलं. पाळणा घड्याळासारखा चालला. आणि बाळ? टक्क जागं. मग भोकाड. मी म्हटलं, "अहो, उद्या आई जाणार..." तर हे खाली बघून म्हणाले, "आईचा झोका मध्येच मंदावत होता, थांबत होता, मग एकदम हिसका. मला वाटलं चुकतंय काहीतरी, म्हणून तेवढं काढून टाकलं मी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, डुलकी लागते त्यांना. बाळाला झोपवता झोपवता आधी त्याच झोपतात, मग दचकून दोरी ओढतात. तुम्हालाही असंच वाढवलंय त्यांनी." डोळे भरून आले त्यांचे, खोटं नाही सांगत. माझेही आले. मी म्हटलं, "आधी पुसा ते, मग लिहा."

आई पुन्हा बसल्या, ह्या वेळी बाळ आत. डुलकीसकट सगळं उतरवलं. उठताना त्यांनी विचारलंच, "कोणी पुसणार नाही ना रे?" "नाही आई," हे म्हणाले, "हे नाही पुसायचं."

रविवारी आई गेल्या. घर खायला उठलं. दुपारी लाईट गेली, आली, आणि पाळणा आपला आईंच्या चालीनं हलायला लागला. बाळ झोपलं. पाळण्याशेजारी हे झोपले. मग पाळणा मंदावला, थांबला... लागली त्यालाही डुलकी. आता सांगा, घरात जागं कोण? मी. बसलेय दोरी धरून, यंत्र दचकून कधी उठतंय त्याची वाट बघत.