तीन दिवस दूध बंद

"हॅलो? … हां, बोल बाई. … जेवलो, जेवलो. … भाकरी अन् पिठलं. … मीच केलं, दुसरं कोण करणार?"

मल्लिनाथनं फोन खांद्याला लावून कानाशी दाबला आणि दार पायानं लोटलं. पलीकडच्या खोलीत रुद्रम्मा दुधाचं फॅट मोजायचं मशीन धूत होती. तेर गावच्या दूध डेअरीचं ऑफिस म्हणजे या दोन खोल्या. संध्याकाळचं दूध यायला अजून दोन तास होते. फोन पुण्याहून होता, त्याच्या एकुलत्या लेकीचा, प्रतीक्षाचा.

"अहवाल? … न्हाय, अजून पाठवला न्हाय. … माहितीये गं, पाच वाजेपर्यंत पाहिजे. रणधीरशेठचे दोन फोन येऊन गेले. … हो. … हो, हो. … अगं ऐक ना. … आधी ऐक तर माझं."

पोरगी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती, आणि तिचंही चुकत नव्हतं. ती ज्या कंपनीत काम करायची, त्याच कंपनीचा एआय मदतनीस वर्षभरापूर्वी या डेअरीत आला होता. मालक रणधीरशेठ येडशीला बसायचे. त्यांची अन् लेकीची गाठ मल्लिनाथनंच घालून दिली होती. आता वर्ष भरत आलं होतं. पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे, तर ते वसूल कसे होतात हे शेठना कागदावर पाहिजे होतं. मदतनिसानं माणसांचे किती तास वाचवले, ते मल्लिनाथनं लिहून द्यायचं. तास भरपूर वाचले असतील तर ऑफिसातला एक माणूस कमी करायचा. माणसं दोनच होती, मल्लिनाथ आणि रुद्रम्मा. कोण कमी होणार ते कुणी बोललं नव्हतं, पण ते दोघांनाही कळत होतं. आणि तास कमी भरले तर मदतनीस बंद, म्हणजे प्रतीक्षानं आणलेलं गिऱ्हाईक गेलं.

"बिलं? बिलं चोख करतोय तो. खोटं कशाला बोलू? … दर दहा दिवसांनी मान मोडून बसायचो, ते गेलं. बँकेची पत्रं, जनावरांच्या विम्याचे कागद, सगळं झटक्यात. … लिहिलंय की ते. … फोनचं? … फोनचे तास लिहिले न्हाईत."

तो खुर्चीत बसला, परत उठला.

"माहितीये, त्याच्यातच सगळे तास आहेत. … व्हय, रुद्रम्मा लई बोलती, मान्य आहे. कुणाचं दूध कमी झालं म्हणून फोन लावला, तर म्हशीपासून सुरू करती अन् सुनेच्या बाळंतपणापर्यंत जाती. एकदा तर चुकीच्याच घरी लावला होता, तरी अर्धा घंटा बोलली. … हसू नको. … मदतनीस मिनिटात उरकतो, हो. म्हणून तर गेल्या महिन्यात ते काम त्याच्याकडं दिलं. … शेठनं कशाला सांगायला पाहिजे? मीच दिलं. … तुझ्यासाठी. तुझे तास भरावेत म्हणून."

मशीन धुवायचा आवाज थांबला होता. मल्लिनाथनं आवाज खाली आणला.

"काल एक झालंय. ते सांगतो, मग तू बोल."

आणि त्यानं सांगितलं. दगडोबाच्या घरचं दूध तीन दिवस आलं नव्हतं. तीन दिवस दूध बंद दिसलं की फोन करायचा, असं मदतनिसाला सांगून ठेवलेलं होतं, त्यानं केला. बाईचा आवाज, गोड, स्वच्छ. तुमचं दूध तीन दिवसांपासून बंद आहे, दुसऱ्या डेअरीला घालत असाल तर दिवाळीचा बोनस मिळणार नाही. दगडोबा त्या वेळी तेरणा नदीवरून राख सावडून नुकताच घरी आला होता. त्याची बायको कस्तुराबाई गेली होती. सुतकात घरचं दूध डेअरीला घालायचं नाही, ही तिकडची रीत. शेजारी येऊन धार काढतात, वासरांना सोडतात, उरलेलं वाटून टाकतात. डेअरीत कुणी नवी पोरगी लागली असेल असं दगडोबाला वाटलं, आणि त्यानं तिला सांगितलं.

"काय सांगितलं म्हणजे? … 'माझी मंडळी गेली बाई,' म्हणाला. … मग हा म्हणतो, 'नोंद घेतली आहे. दूध कधीपासून सुरू कराल?' … शब्दाला शब्द असंच. रेकॉर्डिंग असतंय ना त्याचं. … ऐकलं मी. … त्याच्यावर दगडोबाचा नुसता श्वास येतोय. अन् हा परत विचारतोय, कधीपासून सुरू कराल."

त्यानं खिडकीची कडी उगाच काढली आणि परत लावली.

सकाळी दगडोबाचा भाऊ बब्रुवान येऊन गेला, हेही त्यानं सांगितलं. भांडला नाही. भावकीतल्या सगळ्या घरांचे डेअरीचे कॅन टेम्पोत घालून आणले होते, ते ओळीनं दारात मांडले. दूध आजपासून दुसरीकडं जाणार. रुद्रम्मानं चहा पुढं केला तर त्यानं हात लावला नाही. जाताना मल्लिनाथकडं बघून एकच बोलला.

"काय म्हणाला? … म्हणाला, 'जेठात तुमच्याबी घरचं दूध बंद होतं की सर. आमी इचारलं व्हतं का?' … गेला तो. … रुद्रम्मा? ती कॅन आत घेत बसली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं."

आता पलीकडून बरंच बोलणं आलं असावं. मल्लिनाथ हुंकार देत राहिला. मग त्यानं मान हलवली, जशी ती समोरच बसली होती.

"न्हाय न्हाय. तुझ्या कंपनीची चूक न्हाय. उगं माफी मागत बसू नको. … अगं, तेच सांगतोय. … काम लावून देताना त्यानं मला विचारलं होतं. दूध बंद व्हायची कारणं काय काय असतात, म्हणून. … दिली ना. म्हैस आटली, आजारी पडली, व्यायला झाली. इकली. घरात लग्न निघालं, दूध घरीच लागतं. सगळं टाइप केलं. … मग त्यानं विचारलं, आणखी काही कारण असतं का?"

तो थांबला. बाहेर रस्त्यावरून धाराशिवची एसटी गेली.

"मी 'न्हाय' लिहिलं."

"… हॅलो? … आहेस का?"

"माहीत नव्हतं असं कसं होईल, बाई? आपल्याच घरी सुतक फिटेपर्यंत शेजारची कमलबाई धार काढत होती. तू होतीस की तेव्हा. … मला त्या वेळी आठवलं न्हाय असं न्हाय. आठवलं. तेच आधी आठवलं. … बोटं गेली न्हाईत त्या अक्षरांवर. ते सोडून बाकी सगळं लिहिलं. … हां. … रडू नको. … तुला रडू नको म्हणायला मी कोण … बरं, रड. मी आहे फोनवर."

तो खरंच थांबला. त्याची बायको तारामती जाऊन चार महिने झाले होते. रोज फोन व्हायचा, जेवलास का, गोळी घेतलीस का. पण बापलेकींनी आजवर तिचं नाव काही घेतलं नव्हतं. एकानं घ्यावं अन् दुसऱ्यानं सावरावं, तेवढी हिंमत दोघांतही नव्हती.

"झालं का? … पाणी पी. … आता कामाचं बोलू. फोनचे तास वगळले तर खर्च वसूल होत न्हाय, बरोबर? … व्हय, मी पण मांडून बघितलं. … मग तुझं काय होईल? … खरं सांग. … बोलणी खाशील, ते झालं. नोकरीला धक्का? … 'बहुतेक न्हाय' म्हणजे काय? … म्हणजे तुलाही माहीत न्हाय."

त्यानं समोरच्या पडद्यावरचा अहवाल परत वाचला. फोनच्या कामाची जागा रिकामी होती. तिथं एक आकडा घातला की लेकीचं काम होत होतं. रुद्रम्माचं घर तिच्या पगारावर चालतं, हे त्या आकड्यात कुठं दिसणार नव्हतं.

"ऐक. मी तो आकडा घालत न्हाय. … अगं, चिडून न्हाय सांगत. ते तास वाचलेच न्हाईत. अख्खी भावकी गेली, ते दूध परत आणायला मला किती दिवस उंबरे झिजवावे लागतील ते कुणी मोजायचं? … शेठला हेच सांगणार. त्यांना बाकी काही कळो न कळो, दूध कळतं. बिलाला मदतनीस ठेवा, फोनला बाई ठेवा, असं लिहिलंय. … ऐकतील का न्हाय, देव जाणे. … न्हाय, 'तिला काढलं तर मीही जातो' असलं काही म्हणणार न्हाय. तेवढी धमक माझ्यात न्हाय. खोटं तेवढं लिहिणार न्हाय. … अन् कारणं विचारली तेव्हा मी चुकलो, तेही लिहिलंय. तुझ्यावर येऊ नये म्हणून. … थांब. … पाठवला. … व्हय, आत्ताच. गेला."

मग मल्लिनाथच्या भुवया वर गेल्या.

"काय उघडलंस? … तुला तिथून दिसतं व्हय ते? … कारणं दिली होती ते माझं उत्तर? … अगं, पुसू नको ते, राहू दे. … बरं, खाली जोड. … काय लिहायचं? … 'निधन' नको. इकडं कोण म्हणतं निधन? … लिही, घरात मयत झाली असेल तर. … मग त्यानं काय करायचं? काही करायचं न्हाय. फोन न्हाय, मेसेज न्हाय, बोनसचं तर नावच काढायचं न्हाय. … कळायचं कसं? दूध अचानक बंद झालं की पहिलं रुद्रम्माला विचारायचं. ती फोन करंल. … किती का वेळ बोलेना."

"… मदतनीस आणखी काय मागतोय? … उदाहरण? … खरं दिलं तर बरं, असं म्हणतोय का?"

मल्लिनाथ उभा राहिला. एक हात टेबलावर टेकला.

"घे, सांगतो. … लिही. तारामती मल्लिनाथ, तेर. जेठात गेली. … हो, तेच नाव. … दूध बंद. घरात माणसं दोन, नवरा अन् लेक. … पुढं लिही, या घरी फोन करू नये. … लिहिलंस? … वाच बरं."

त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"हां. … बरोबर आहे. … न्हाय, मी ठीक आहे. … दगडोबाकडं निघालोय आता. … काय बोलणार? नुसतं जाऊन बसायचं. … हो, रात्री करतो. … ठेव तू. … बरं, मी ठेवतो."