सातवा बोल्ट

—बस ना हर्षदा, त्या डब्यावर बस. मी काही उठत नाही, गुडघा गेलाय माझा. आण ती शिट्टी इकडं. शिट्टीत काय बिघडणार बापा? नुसतं वजन आहे ते. हस, हस! अख्ख्या पांडेसऱ्यातल्या बायांना वाटतं, शिट्टीच्या पोटात काहीतरी मशीन आहे. काही नाही! आत वाफ कोंडते, तिला बाहेर पडायचं असतं, अन् नळीच्या तोंडावर हे बसलेलं — वाफेचा जोर वाढला की ती याला उचलते, फुस्स करून निघून जाते, हे परत खाली. झाली एक शिट्टी! डाळ लवकर का शिजते? कोंडलेलं पाणी जास्त तापतं म्हणून. तू विचारतेस ना, तसा मीही विचारायचो. या सुपडू मिस्त्रीला लहानपणापासून खोडच ती — वस्तू उघडून पाहिल्याशिवाय चैन नाही. कुकर काढला कुणी? आमच्या पारोळ्याच्या मास्तरांनी सांगितलं होतं, तीनशे वर्षांमागं कुणी फ्रेंच माणूस होता, त्यानं हाडं मऊ करायला पहिला कुकर केला. फुटायचा म्हणे त्याचा. मग त्यानंच वाफेला वाट करून दिली. आधी फुटलं, मग अक्कल आली. सगळ्यांचं तसंच असतं.

अन् नळी चोंदली तर? — हां, बराबर विचारलंस! तर झाकणावर दुसरी एक गोल टिकली असते, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यातला धातू असा, की कुकर फार तापला की तोच वितळतो, भोक पडतं, वाफ तिथून जाते. डाळ छताला लागते, पण माणूस वाचतो. आता आपल्या बायांना सकाळी कारखान्यात जायची घाई, पाणी घालायच्या कमी, महिन्यात दोनदा व्हॉल्व्ह उडायचा. ‘मिस्त्री, कायमचं काहीतरी करून द्या हो!’ दिलं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात करून दिलं. तेव्हा मी कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचे माग, फिट करायचो — व्हॉल्व्ह काढला अन् त्या भोकात लूमचा पितळी बोल्ट आवळला. काय मान होता मला तेव्हा, जावयासारखा! ‘सुपडूचा बोल्ट कधी उडत नाही!’ सात बसवले असे. नाही, नाही, आता नाही बसवत. का म्हणजे — जाऊ दे ना.

सुंदराला पाहिलंय ना तू? निंबाची बायको, डाव्या बाजूनं पदर ओढून चालते ती. तिच्या कुकरला माझा बोल्ट होता. कुकर फुटला, डोळा गेला तिचा. लोक म्हणाले, कंपनीचा माल खोटा. मीही म्हणालो! मी तिला उचलून दवाखान्यात नेलं, रडलो — खोटं नाही सांगत, पोटातून रडलो — अन् परत येऊन फुटलेल्या झाकणातून बोल्ट काढला अन् खाडीत फेकला. निंबा अजून मला बोलावून चहा पाजतो. ‘मिस्त्री, तुम्ही होता म्हणून वाचली.’ कप तसाच ठेवून उठतो मी. — कुणाला बोलू नको हं हे. मलाच बोलायचं नव्हतं, तुझ्याशी गोष्टी करता करता निघून गेलं तोंडातून. मग बाकीचे गपचूप गोळा केले, ‘फुकट सर्व्हिस’ म्हणत दारोदार फिरलो. पाच काढून आणले. राहिला एक, बमरोलीच्या हेमराजचा. तो खोली सोडून गावी गेला, भांडी इथंच विकून गेला. दोन वर्षं झाली, शोधतोय मी तो कुकर.

तर तुझी शिट्टी. ही तर साफ आहे. मग वाजत का नाही? कुकर लावला होतास कधी, काल? — आत्ता? आत्ता स्टोव्हवर आहे? वाजेना म्हणून नुसती शिट्टी उपटून आणलीस, खाली जाळ तसाच? किती वेळ झाला लावून? अर्धा तास! हात दाखव. दाखव म्हणतो ना! भाजला नाही. अगं, तापल्या कुकरची शिट्टी उपटली तर वाफेचा फवारा उडतो, हात सोलून निघतो. काहीच निघालं नाही? सूं सुद्धा नाही? म्हणजे नळीच चोंदलीय. बरं, बरं, घाबरू नको, व्हॉल्व्ह आहे ना. छत खराब होईल, पुसशील. कुकर नवा ना? — जुना? कुठून घेतला? — बमरोलीचा भंगारवाला. ओ माय. पोरी, नीट आठवून सांग. झाकणावर शिट्टीच्या शेजारी काय आहे? गोल टिकली? की सहा कोनांचं, पान्यानं आवळतात तसं? पिवळं?

पिवळं.

घरी कोण आहे? बोल ना! — नवरा? रातपाळी करून आलाय. झोपलाय. अन् तू बाहेरून कडी घातलीस. घालणारच, आपण सगळेच घालतो, त्याची झोप मोडू नये म्हणून. ऊठ! चप्पल राहू दे! कडी काढ, पण आत पाय टाकू नको, स्टोव्हला हात लावू नको, दारातूनच बोंब मार, त्याला बाहेर काढ. मी येतोच मागून, माझी वाट पाहू नको! अन् मघाशी म्हणालो ना, कुणाला सांगू नको — मेलं ते! सांग! गल्लीत शिरल्यापासून ओरडत जा, म्हणजे भिंतीपलीकडचे पण बाहेर निघतील — सुपडूनं बोल्ट ठोकलाय म्हण, सुंदराच्याही कुकरला त्यानंच ठोकला होता म्हण! माझं नाव घे! पळ!