वस्तऱ्याखाली पहिली मान कुणाची?

...नाही, पण मला सांगा, आपली मान कुणाच्या हातात द्यायची हे ठरवायचा माणसाला काही हक्क आहे की नाही? तसा बदलाला माझा विरोध नाही हं! अजिबात नाही! पण वस्तरा म्हणजे वस्तरा हो...

तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मामांचं सलून. मामा म्हणजे माझे नव्हेत, सगळ्या गल्लीचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं त्यांच्या कात्रीखालून जायचं. आणि एक दिवस गेले मामा. कुणाला काही न सांगता. आम्ही चार दिवस बंद शटरकडे बघत कामावर जायचो, यायचो...

आणि एका सकाळी शटर वर! बघतो तर आत मामांची मुलगी! हातात कात्री, खांद्यावर टॉवेल. म्हणते, "या काका, बसा." बसा? बाईमाणसाकडून दाढी? मी म्हटलं, "आलोच हं, गॅसवर दूध ठेवलंय," आणि जो सटकलो! अहो, मला गॅस पेटवतासुद्धा येत नाही!

बदलाला माझा विरोध नाही, पण सुरुवात मीच का करू? शेजारी शिंपी आहे की! पण त्या महाभागानं घरीच टेप लावून, खडूनं खुणा करून, कापडाच्या कात्रीनं स्वतःचं डोकं बेतलं. मापात चूक नाही, पण बघणाऱ्याला वाटावं, कच्ची शिलाई उसवायची राहिलीय! बेकरीवाल्यानं दाढी वाढवली, तर त्याची बायको कडाडली, "अहो, गिऱ्हाईक पाव उजेडात धरून बघायला लागलंय!" आणि आमचे मास्तर... जन्मभर पोरांकडून समानतेवर निबंध लिहून घेतले, ते आता भर उन्हात कानटोपी घालून फिरायला लागले! विचारलं तर म्हणे, "सर्दी झालीय."

"मास्तर, घामाच्या धारा लागल्यात!"

"सर्दीच्याच आहेत त्या."

असं चाललं होतं. तर परवा जेवताना बायको म्हणाली, "ती पोरगी सलून बंद करतेय. एक गिऱ्हाईक फिरकत नाही. मामांची खुर्ची विकायला काढलीय म्हणे." एवढंच म्हणाली आणि आमटी वाढली. तुम्हाला सांगतो, घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला...

आज उठून तिघांना गाठलं. म्हटलं, "चला, सगळे मिळून जाऊ. भीती आहे ना? चौघांत वाटून घेऊ!" निघालो. दारात चौघं अडकलो, कारण पुढे कुणालाच व्हायचं नव्हतं. आत गेल्यावर सुरू! "मास्तर, तुम्ही वडीलधारे." "छे छे, आधी शिंपी, त्यांचं दुरुस्तीचं काम आहे!" "मला भट्टी बघायचीय, तुमचं चालू द्या!" पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, मेंढ्यासुद्धा एवढं करत नाहीत हो!" आणि मागून कुणीतरी मला ढकललं. पडलो तो थेट खुर्चीत!

फेस लागला. वस्तरा आला. आणि बघतो तर काय, तिचा हात थरथरतोय! म्हणजे घाबरलेला मी एकटा नव्हतो. बरं वाटलं क्षणभर... मग लक्षात आलं, वस्तरा तिच्या हातात आहे!

"काका, तुम्ही पहिलेच. आजवर फुग्यांवरच सराव केलाय."

फुग्यांवर! मास्तर घसा खाकरून म्हणाले, "किती फुटले?"

"शेवटचा नाही फुटला."

मग काय! मास्तरांनी माझं डोकं धरलं, बेकरीवाल्यानं माझा हात धरला, शिंपी म्हणाला, "पोरी, कापड ताणून धर, हात आपोआप स्थिर होतो," आणि त्यानं माझा गाल ताणला. पहिला फटकारा सरकन गेला... दुसरा गेला... चौघांनी एकदमच श्वास सोडला. एक ओरखडा नाही, सांगतो! पोरगी डोळे पुसत हसली. खुर्ची काही आता विकली जात नाही. त्यावरून तिघांत लगेच भांडण, पुढचा नंबर कुणाचा!

तेवढ्यात ती म्हणते, "काका, भांग दुसऱ्या बाजूला पाडू? मिशी काढू?" बदलाला माझा विरोध नाही, पण मिशी? मी 'न' म्हणायच्या आत तिघं ओरडले, "काढ!"

घरी आलो, बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाली, "हे बाहेर गेलेत, नंतर या," आणि दार बंद!

म्हणून तर तुमच्याशी बोलत बसलोय इथे, जिन्यात. काय करणार? बदलाला माझा विरोध नाही हो... घरच्यांचा आहे!