मोरचूद आणि लोणच्याची बरणी

(धाराशिवचं एक कॉलेज. तपासणी समिती येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. निखत इथं पीएच.डी. करतेय, बब्रुवान इथला शिपाई.)

निखत : बब्रुवानमामा, हे पाणी निळं कशानं झालं? मी मैत्रिणीच्या, तहरीमच्या लग्नाला नळदुर्गला गेले तेव्हा नितळ होतं.

बब्रुवान : म्याच दोन चमचे मोरचूद टाकलं, म्याडम. सर म्हणले, टाक.

शिवानंद : मीच सांगितलं, निखत. विभागप्रमुख आणि तुझा मार्गदर्शक म्हणून काल समितीला काय दाखवायचं होतं मी? पाण्यात बुडवलेली पिशवी?

निखत : सर, त्या पिशवीत माझं पॉलिमर होतं! आठ महिन्यांचं! पॉलिमर पिशवीत राहतं, तांबं झिरपून पाण्यात येतं; पाणी बदलून बदलून तेच तर बाहेर काढत होते मी, आणि मोरचूद म्हणजे तांबंच!

शिवानंद : तांबं तूच घातलं होतंस ना?

निखत : जोडणीपुरतं. तांबं असलं की दोन रेणू टिचबटणासारखे टचकन जोडले जातात, साखळीला फांद्या फुटतात. पण निकाह लागला की काझीनं घरी जायचं असतं सर, मुक्कामाला राहायचं नसतं.

शिवानंद : अगं, रंग नसेल तर संशोधन चाललंय हे कळणार कसं? अध्यक्षांनी सात फोटो काढले. झाकणावर स्वतः लिहून सही केली, 'पॉलिमर, अत्यंत शुद्ध'.

निखत : हैदराबादच्या मशीनवर चार महिन्यांनी उद्याची तारीख मिळालीय. दुपारच्या गाडीनं नमुना गेला नाही तर प्रबंध वर्षभर लांबला.

शिवानंद : मग हाच पाठव की. सही आहे. मी येतो, प्राचार्यांकडं पेढे आलेत.

बब्रुवान : ...गेले का? म्याडम, रडू नका. ती पिशवी तुमची न्हाय.

निखत : मग आत काय आहे?

बब्रुवान : साबुदाण्याची पेज. आमच्या मथुराचा सोमवार होता, त्यातली वाटीभर भरली. टोकं तुमच्यावाणीच बांधली.

निखत : आणि माझी पिशवी?

बब्रुवान : ही काय, कपाटामागं, आज सकाळीच परत आणली. सरांनी मोरचूद म्हणल्याबरुबर घरी नेली. मथुरा म्हणली, पितळंच्या घागरीत ठेवा. म्या म्हणलं, येडी का काय, पितळंत तांबंच अस्तंय. लोणच्याची काचंची बरणी सात पाण्यानं धुतली अन् तुमच्याच क्यानातलं डिस्टिल पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं. बघा, नितळ हाय का.

निखत : या अल्ला! मामा, काचेसारखं आहे हो. जीव आला माझा.

बब्रुवान : समितीला पेज दावली, त्येवढं पाप लागलं बगा.

निखत : पाप कसलं? साबुदाण्याच्या पिठातसुद्धा फांद्यांचंच पॉलिमर असतं.

बब्रुवान : मंजी समिती खरं बोलली?

निखत : चुकून. मामा, प्रबंधात आभाराचं पान असतं. तुमचं नाव घालते.

बब्रुवान : नगं नगं. पयलं सरांचं घाला. म्या फकस्त पाणी बदललं.

निखत : सरांनी तीन वर्षांत तेवढंसुद्धा केलेलं नाही, मामा.