तीर्थातली गोळी

— म्हणजे जानकीबाई हल्ली भिंतीकडे तोंड करून बसतात, विचारलं तर डोळे पुसतात, असं म्हणतेस? बरं झालं. दचकू नकोस, मी अशीच बोलते, साऱ्या धारला ठाऊक आहे. माझी सुमा गेली तेव्हापासून तिच्या सासरचं नाव या ओट्यावर कुणी काढलेलं नाही — आणि आज तू येतेस, देवासहून, इंदूरला मोटार बदलून, सुमाच्याच नवऱ्याची दुसरी बायको, आणि मला विचारतेस, अक्का, सासूबाईंना काय झालं असेल? मला! मी काय वैद्य आहे? शाळेची पायरी चढले नाही मी, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. बस. त्या खांबाला टेकून बस.

डॉक्टरनं काय दिलंय, दाखव. हं. हीच. माझ्या सुमालाही हीच होती. गळ्यातल्या ग्रंथीची गोळी, थायरॉईड म्हणतात — बघतेस काय, मला म्हणता येतं. माणूस मंदावतो, अंगावर सूज चढते, भर उन्हात थंडी वाजते, त्याला देतात. चांगली गोळी आहे, गोळीला मी नावं ठेवत नाही. आणि परवा वाढवून दिली? का? बाई फारच सुस्त झाली म्हणून. बरं. आता मी विचारते ते नीट आठवून सांग — याशिवाय दुसरं काही औषध घेतात का जानकीबाई? नाही? अगदी नाही?

सुमाही हेच म्हणाली होती गं. डॉक्टरनं विचारलं, दुसरं औषध चालू आहे का, तर म्हणाली, नाही. खोटं नाही बोलली. माझी पोर खोटं बोलणारी नव्हती. रोज सकाळी पूजा आटोपली की जानकीबाई तिच्या हातावर पळीभर तीर्थ घालायच्या, आणि त्या तीर्थाबरोबर मोरोपंत वैद्यांची गोळी. सर्पगंधेची. सुमाचं डोकं ठणकायचं, रक्ताचा दाब वाढला होता, त्यावर. मोरोपंत तुमचे पिढीजात वैद्य. त्यांची गोळी आधी देवापुढे ठेवायची, मग तीर्थाबरोबर गिळायची, ही तुमच्या घरची रीत. आता देवापुढून आलेल्या वस्तूला औषध कोण म्हणेल? तू तरी म्हटलंस का आत्ता? — अं? खाली बघू नकोस. जानकीबाई स्वतः घेतात ना ती, अजून? घेतात. मला ठाऊकच होतं.

ऐक मग. ती गोळी दाब उतरवते, झूट कशाला बोलू. पण नाडी संथ करते, माणसाला पेंग आणते, आणि कुणाकुणाचं तर मनच खाली बसवते — काही कारण नसताना रडू येतं. डॉक्टरला काय दिसणार? सुस्त बाई, मंद नाडी. त्याला वाटलं, आपली गोळी कमी पडतेय. वाढवली. तरी सुस्तच. पुन्हा वाढवली. एक लगाम खेचतोय, दुसरा चाबूक मारतोय, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आणि अशात सुमा माहेरी आली. तू टेकलीस ना, त्याच खांबाला टेकून रडायची. काय झालं गं? तर म्हणे, काही नाही आई, नुसतं रडू येतं. काही नाही म्हणणारी लेक सासरी सुखी असते का कधी? तू आई असतीस तर काय समजली असतीस? मी तेच समजले. मग हळूहळू खुलली हो! इथे जानकीबाईंचं तीर्थ कुठलं — ती गोळी बंदच पडली. डॉक्टरची मात्र नेमानं घ्यायची, वाढवलेली. गाल लाल झाले, बोलायला लागली, मला चिडवायला लागली, आई तुझे पोहे म्हणजे खडे! मी आळीभर सांगत सुटले — बघा, माहेरची हवा लागली, त्या घरात जीव घुसमटला होता पोरीचा. घाम यायचा तिला. हात कापायचे. मी म्हटलं, वैशाख आहे. आई, छातीत घोडं उधळलंय, म्हणाली — तेही हसत, गहू निवडता निवडता — आणि सूप हातातून —

तुला कशाला सांगतेय मी हे.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मागाहून सगळं खोदून विचारलं, तेव्हा ते तीर्थ निघालं. लगाम सुटला नि चाबूक चालूच राहिला, हे मला समजावून सांगितलं त्यानं, एकदा नाही, दहादा. मी म्हटलं, ते राहू द्या, एवढंच सांगा, माझी पोर रडायची ती सासूमुळे की गोळीमुळे? तर म्हणाला, आजी, गोळीमुळेही असेल. असेल! ते एक ‘असेल’ घेऊन बसलेय मी इथे. तुझे शरदराव भेटायला आले, दार उघडलं नाही. जानकीबाईंनी तिची लुगडी पाठवली, तशीच परत केली. करणारच. कारण गोळीनंच रडत असेल ती, तर मग तिला कुणी छळलंच नाही, आणि मी इतकी वर्षं — नाही. माझं काही चुकलेलं नाही.

काय म्हणालीस? जानकीबाई अधिक महिन्यात ओंकारेश्वरला? महिनाभर? कधी निघणार? परवा! आणि बरोबर काय नेणार — डॉक्टरची गोळी, हो ना? देवघर काही बरोबर जात नाही. तीर्थ घरीच राहणार. अगं, हीच वाट आहे ती! सुमा याच वाटेनं —

मनात आलं माझ्या. लपवू कशाला? आत्ता, तुझ्यासमोर, क्षणभर मनात आलं — जाऊ दे त्यांना ओंकारेश्वरला.

ऊठ. आज घरी गेलीस की मोरोपंतांच्या गोळ्या आणि ही बाटली, दोन्ही एकाच पदरात बांध, आणि उद्या सकाळी जानकीबाईंना घेऊन डॉक्टरपुढे उभी राहा. दोन्ही त्याच्यासमोर ठेव. म्हण, या हे घेतात आणि हेही घेतात, कधीपासून तेही सांग. नाडी बघू दे, दाब मोजू दे. काय कमी करायचं, काय थांबवायचं, ते तो ठरवेल. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही — हेही नाही नि तेही नाही. मोरोपंतांनाही सांग. त्यांचा मान दुखावला तर म्हणावं, धारच्या अक्कानं सांगितलंय, भांडायचं तर तिकडे जा. आणि जानकीबाई रडल्या तर घरात कुणी वाईट अर्थ काढू नका. ते रडणं त्यांचं नसेल.

थांब. गळ्यात काय ते? टाक? गेलेल्या सवतीच्या नावाचा — म्हणजे माझ्या सुमाचा? रोज हळदकुंकू वाहतेस? कुणी करवला? जानकीबाईंनी? स्वतःचे तोडे मोडून?

हे मला कुणी सांगितलं नाही.

नको, काढू नकोस. गळ्यातच राहू दे. नुसती जवळ ये जरा. — ऊन आहे गं. तुझ्या अंगाची ऊब लागलीय त्याला.

जा आता. मोटार कुणासाठी थांबत नाही. जा म्हणते ना! मागे वळून काय बघतेस?