राखेचं पाणी

(वेळणेश्वर. मागीलदारी सगुणा राखेनं भांडी घासते आहे. बारावीला असलेली तिची मुलगी राही रत्नागिरीहून सामानासकट घरी आली आहे.)

सगुणा : म्हणजे उद्या परीक्षेला बसणारच नाय?

राही : नाय. बाबांना पत्रातून कळव. त्यांचं जहाज एडनच्या बंदराला लागलं की मिळेल त्यांना.

सगुणा : मी बरी कळवीन! झालं काय एवढं?

राही : परवा रसायनाच्या तोंडीच्या सरावाला सरांनी विचारलं, अल्कली म्हणजे काय. मी नुसती वही चाळत बसले. दहावीपर्यंत सगळं मराठीत, अकरावीपासून एकदम इंग्रजी. शहरातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. उद्या बाहेरचे सर येऊन तेच विचारतील.

सगुणा : मग बाबांनी ती जाडजूड डिक्शनरी उशाला घ्यायला धाडली? बघ त्यात.

राही : बघते, पण जाणार नाय हां मी... हे बघ. अरबी शब्द आहे. अल्-कली. म्हणजे... आई, राख!

सगुणा : कसली राख?

राही : खाऱ्या जमिनीतली झाडं जाळून केलेली. त्यावरून नाव पडलं.

सगुणा : चुलीतली नाय चालत?

राही : चालेल की. तिच्यात पण असतंच ते.

सगुणा : मग रडतेस काय गो? राख पाण्यात कालवायची, वरचं पाणी निवळून घ्यायचं. बोटांना बुळबुळीत लागतं. साबण नसायचा तेव्हा लुगडी त्यातच धुवायचो आम्ही.

राही : बुळबुळीत! अगदी हेच लिहिलंय पुस्तकात.

सगुणा : हळदीचा डाग असला तर लाल होतो मेला. मग बिंबलाचं आंबट फळ चोळायचं, परत पिवळा.

राही : थांब, थांब! अगं, हा अख्खा प्रयोग आहे. आम्ही काचेच्या नळीत करतो.

सगुणा : मी घमेल्यात करते.

राही : पण लाल का होतो, सांग बघू.

सगुणा : ते तू सांगायचं. कॉलेजात तू जातेस की मी?

राही : ...चारची एस्टी मिळेल?

सगुणा : मिळेल. भाकरी कधीच बांधून ठेवलीय तुझी.

राही : आणि ही पुडी कसली?

सगुणा : राख. लागली तर.

राही : आई! वेडी आहेस तू. बरं, कुठे शिकलीस विचारलं तर तुझं नाव सांगू?

सगुणा : माझं कशाला? मी चौथीत शाळा सोडली. पुढच्या पुस्तकांत राख पण असते, हे तेव्हा कुणी सांगितलंच नाय गो.